पल्याडवाडीची जलवाहतूक

शिरूर कासार तालुक्यातल्या पल्याडवाडीच्या सरपंच वत्सलाबाई यांनी नदीवर पूल मागितला, आणि संबंधित विभागाने तातडीने अभ्यासदौरा मंजूर केला. चहूबाजूंनी पाणी असलेली माणसे ये-जा कशी करतात, हे समुद्रातल्या बेटांवर जाऊन पाहिल्याशिवाय पुलाचा निर्णय घेणे शास्त्रीय ठरले नसते. दौरा महिला सरपंचांसाठी होता. म्हणून त्यांचे नवरे गेले.

वत्सलाबाईंचे यजमान बिभीषणराव बेटावर उतरले त्याच दिवशी इकडे नदीला पूर आला, आणि सून रोहिणीला कळा सुरू झाल्या. वत्सलाबाईंनी फोन लावला.

"अवो, रोहिणीचं दिस भरल्यात. पानी लई हाय. तुमच्यासंगं सायेब हायेत न्हवं? सांगा की त्यांना!"

"सायेब पोहायला गेलेत. पन इथं बघ, आजाऱ्याला न्यायला येगळी बोट हाय! मानूस असं अलगद..."

वत्सलाबाईंनी फोन ठेवला. लग्नाच्या मखराचे थर्माकोल चऱ्हाटाने बांधले, त्यावर सुनेला निजवले आणि स्वतः छातीभर पाण्यात उतरल्या. मधल्या धारेत तराफा कलला.

"आत्या, सोडू नका मला!"

"सोडायला का तुला मी मागून आणली हाय? गप पडून ऱ्हा!" त्या ओरडल्या. दात मात्र वाजत होते.

पलीकडच्या काठावर, दवाखान्यात न्यायला आलेल्या जीपमध्येच, नात जन्मली.

दौऱ्याहून परतलेल्या समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता. बेटांवर पुलांवाचून जीवन सुरळीत चालते. पल्याडवाडीत तर जलवाहतूक आधीच कार्यान्वित आहे. सबब, पुलाची आवश्यकता नाही. पाठोपाठ वत्सलाबाईंना विनापरवाना प्रवासी वाहतुकीची नोटीस आली, आणि त्याच पाकिटात, धाडसाबद्दल, बीडच्या सत्काराचे निमंत्रण.

सत्काराची शाल बिभीषणरावांनी पुढे होऊन स्वीकारली. बेटांवरच्या नारळपाण्याविषयी ते दोन शब्द बोलले. तेवढ्यात वत्सलाबाईंनी त्यांच्या हातातला माइक ओढला.

"शाल नगं. पूल द्या."

साहेब प्रेमळपणे हसले. "ताई, पूल झाला तर तुमच्या धाडसाचं काय होणार?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वत्सलाबाईंनी नजर फिरवली. टाळ्या पिटणारे कुणी दुष्ट नव्हते. आपल्यासारखीच सज्जन, हळवी माणसे होती. काहींनी तर डोळेही पुसले. मग चहा झाला, आणि आपण सगळे आपापल्या पुलांवरून वेळेत घरी पोहोचलो.