बकुळेच्या शब्दांची वही कच्च्या आवृत्तीत नाहीशी जाहली त्याची हकीकत

श्री. ज्याने अक्षर उमटविले आणि ज्याने अक्षर पुसावयाची कळही करून ठेविली, त्या उभय देवांस प्रथम नमस्कार. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासोन पुढले पंधरा दिवस मुक्तराज्यी जे वर्तमान घडले, ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे.

मुक्तराज्य म्हणजे कैसे, तर तेथे राजा नाही आणि किल्लेदारही नाही. घरोघरचे संगणक जिच्या बळावर चालत ती प्रणाली कोणा एकाची नव्हे. तिचा मूळ मजकूर चावडीवर उघडा मांडिला असे, ज्यास वाटेल त्याने वाचावा, ज्यास येईल त्याने सुधारावा, मोबदला कोणी मागत नाही. वर्षातून दोन वेळा तिची नवी आवृत्ती निघे, परंतु पक्की निघण्याआधी पंधरवडाभर कच्ची निघे, आणि ज्यांस हौस ते पुढे होऊन ती आपल्या यंत्रात घालीत, आणि मग कोठे मोडते, कोठे अडते ते चावडीवर येऊन सांगत. पंगतीस वाढण्याआधी आमटी पळीभर तळहातावर घेऊन पाहावी, त्यातला प्रकार. पोळले तर चाखणाराचे पोळते, पंगत वाचते. आणि पोळल्या माणसास फुंकर घालावयास चावडीवर जाणते लोक बसून असत, तेही आपखुशीने, आपापले कामधंदे सांभाळून. चावडी म्हणजे काही पाराखालची जागा नव्हे, ज्याने त्याने आपल्या घरून लिहावे आणि सर्वांनी वाचावे, ऐशी ती चावडी.

त्या राज्यात मथूबाई म्हणोन एक बाई होत्या. वय सव्वीस, पदरी बकुळा नावाची वीस महिन्यांची लेक. संगणकाची विद्या बाईंस कोणी शिकविली नव्हती, परंतु स्वभाव ऐसा चौकस की झाकण दिसले म्हणजे उघडून पाहिल्यावाचून राहवत नसे. सासरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी बंद पडलेला मिक्सर खोलिला, तेव्हा सासूबाईंनी हाय खाल्ली, आणि मिक्सर चालू जाहला तेव्हा सासूबाईंनी मुकाट्याने त्यात चटणी वाटिली. ऐशा बाईंनी यंत्रात एक वही राखिली होती. बकुळा नवव्या महिन्यात पहिला शब्द बोलिली, तो ‘बू’, म्हणजे पाणी. तो बाईंनी तारीख घालून लिहिला आणि पुढे अर्थ लिहिला. मग ‘आपा’ म्हणजे चप्पल, ‘हाहू’ म्हणजे गरम, ‘टिम’ म्हणजे दिवा गेला, ऐसे करीत वही भरत गेली. परंतु लेक वाढली तैसे जुने शब्द तिच्या तोंडून उतरत गेले. आता ती पाण्यास पाणीच म्हणे, आणि बू कोण म्हणत होते हे तिचे तिलाही ठावे नव्हते. ते शब्द आता त्या वहीतच उरले होते, अन्यत्र कोठेही नाहीत.

मार्गशीर्षात कच्ची आवृत्ती निघाली आणि वर्तमान आले की लिहिण्याचे जे कलम यंत्रात आहे, ते आता लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचूनही दाखविते. बाईंच्या मनात आले की हे यंत्र ‘हाहू’ कैसे म्हणेल, आणि एकदा मनात आले ते जाईना. दुपारची वेळ, भात कुकरात, लेक मांडीवर, आणि बाईंनी कच्ची आवृत्ती आत घेतली. दारातच यंत्राने रिवाजाप्रमाणे पुसले, सर्व मजकुराची नक्कल दुसरीकडे ठेविली काय? ठेविली नव्हती. परंतु ‘होय’ म्हटल्यावाचून यंत्र पुढे जाईना आणि कुकरची दुसरी शिटी होत होती, म्हणोन बाई ‘होय’ म्हणाल्या. मग वही उघडून वाचावयास सांगितले, तो यंत्र एखाद्या गंभीर शास्त्रीबुवांसारखे ‘बू’ म्हणाले, आणि ‘आपा’ म्हणाले, आणि मायलेकी पोट धरून हसल्या. आणि ‘हाहू’ म्हणता म्हणता वही दिसेनाशी जाहली. शोधिली, नाव घालून शोधिली, तारीख घालून शोधिली, कोठेही नाही. कुकर ओरडत राहिला तो सासूबाईंनी येऊन उतरविला.

बाई चावडीवर गेल्या आणि लिहिले की अमुक वही नाहीशी झाली, बहुधा माझंच काही चुकलं असेल. हे वाक्य त्या चावडीवर दहातले नऊ जण आधी लिहितात, आणि त्याने कोणाचेही भले होत नाही. पाच मिनिटांत सदूभाऊ धावले. हे मोठे उत्साही गृहस्थ, आजाराचे नाव ऐकण्याआधी औषध देणारे. त्यांनी सांगितले की यंत्र बंद करून चालू करा. मग दुसऱ्याने कलम काढून पुन्हा घालावयास सांगितले, तिसऱ्याने आणिक काही, आणि दिवेलागणीपर्यंत नऊ जणांचे नऊ उपाय जाहले. बाई भिडेच्या, कोणाचा शब्द मोडणे बरे दिसत नाही म्हणोन त्यांनी नऊच्या नऊ केले, आणि नववा उपाय झाडलोटीचा होता, म्हणजे यंत्रातील अडगळ झाडून कायमची टाकावयाची.

तेव्हा हैबतराव आले. वीस वर्षे चावडीवर बसलेला माणूस, बोलणे थोडके. त्यांनी लिहिले, “मंडळी, हात आवरा. मथूबाई, तुम्हीही. आता एकाही कळीला बोट लावू नका.”

सदूभाऊंस राग आला, म्हणाले आम्ही मदतच केली. हैबतराव म्हणाले, “केलीत ना. विहिरीत तांब्या पडला, नऊ जणांनी नऊ गळ टाकले. आता पाणी एवढं गढूळलंय की तांब्या तिथे आहे की नाही, तेच दिसत नाही.”

मग त्यांनी चावडीचे चार प्रश्न पुसले, कोणती आवृत्ती, नक्कल आहे काय, काय केले, आणि काय जाहले. नकलेच्या प्रश्नास बाईंनी लिहिले, “नाही. खोटंच होय म्हटलं.” त्यावर एक म्हणाला मीही तसंच म्हटलंय, आणि दुसरा म्हणाला मीही, ऐसे अकरा जण निघाले. शेवटी हैबतराव म्हणाले, “मीही एकदा म्हटलं होतं. तेव्हापासून इथे बसतो.”

परंतु काय केले या प्रश्नास बाईंनी इतकेच लिहिले की वही उघडली, वाच म्हटले, वाचता वाचता गेली. लेक मांडीवर होती हे लिहिले नाही. वाटले, लोक म्हणतील, लेकरू मांडीवर आणि ही कच्ची आवृत्ती चालवते. चाळीस जणांनी आपापल्या वह्या उघडून वाचविल्या, एकाचीही गेली नाही. चार दिवस गेले, पाच गेले. चावडीचा रिवाज ऐसा की जी तक्रार दुसऱ्या कोणाकडे सात दिवसांत घडून येत नाही ती बंद करावी, आणि पौर्णिमेस तर आवृत्ती पक्की व्हावयाची होती. सदूभाऊ म्हणो लागले, चाळीस घरी घडत नाही ते घडलेच नसेल. इकडे बाई आठवून आठवून कागदावर शब्द उतरवीत होत्या. साठ आठवले. वहीत एकशे त्रेचाळीस होते. साठाच्या पुढे मन चालेना, आणि समोर बसून बकुळा स्वच्छ ‘पाणी’ म्हणे, तेव्हा बाईंस एकाच वेळी कौतुकही वाटे आणि धस्सही होई.

सहाव्या दिवशी नसीमबी म्हणोन कोकणपट्टीतील एक बाई आल्या. ते लिहिण्याचे कलम अर्धे त्यांनीच रचिले होते. त्यांनी चार प्रश्न वाचिले आणि पाचवा पुसला, “ताई, वही गेली तेव्हा तुमचे हात कुठे होते?”

मथूबाईंनी लिहिले, “माझे हात लेकीच्या पोटाशी होते. कळांवर तिचे होते. दोन्ही पंजे.”

कोणीही हसले नाही. उलट चावडीवर एकच लगबग उडाली आणि ज्याच्या घरी जे लेकरू होते ते त्याने उचलून यंत्रापुढे बसविले. मोठ्या माणसांची बोटे कळांवर एकामागून एक, सभ्यपणे पडतात, लेकरू पंजाच मारते. सदूभाऊंकडे लेकरू नव्हते, त्यांनी वाचन चालू करून मांजर कळांवर ठेविले. मांजर ऐसपैस बसले आणि सदूभाऊंची दोन वर्षांच्या टिपणांची वही डोळ्यांदेखत गेली. त्यांनी चावडीवर लिहिले, “गेली! माझीही गेली!” आणि घरी मूल जन्मल्यासारखे सर्वांनी त्यांचे अभिनंदन केले.

नसीमबींनी मूळ मजकुरात शोध घेतला, तो कळले की वाचन चालू असता पाचाहून अधिक कळा एकदम दाबिल्या तर कलमास वाटते, ही वही नजरेआड करण्याची आज्ञा आहे, आणि ते तीस एका बिननावाच्या कोठडीत नेऊन ठेविते. पुसून टाकीत नाही. परंतु बाईंचा नववा उपाय झाडलोटीचा होता, आणि झाडलोट ऐशाच कोठड्या झाडिते. हे ऐकून बाईंनी बकुळेस सासूबाईंकडे दिले आणि यंत्रापुढे बसल्या. हैबतराव एकेक पायरी लिहून सांगत गेले आणि बाई एकेका बोटाने करीत गेल्या, आणि कोठडी उघडली. वही आत होती. नवल वाटून नसीमबींनी झाडलोटीचा मजकूरही वाचिला, तो ती झाडलोटही कच्चीच होती, नुसते ‘झाडले’ म्हणे आणि झाडीत काही नसे.

“एका कच्च्यानं नेली, दुसऱ्या कच्च्यानं राखली,” हैबतराव म्हणाले. “मथूबाई, या दुसऱ्याचीही तक्रार लिहा. चारी प्रश्नांची उत्तरं देऊन.” बाईंनी लिहिली, आणि त्यात माझंच काही चुकलं असेल हे वाक्य नव्हते.

वहीत एकशे त्रेचाळीस शब्द जागच्या जागी होते, आणि त्यांच्याखाली एक ओळ अधिक होती, ‘ककमतललललसपजजज’. नसीमबींनी पुसले, हा कचरा काढून देऊ काय? मथूबाई म्हणाल्या, “नको, राहू दे. बाकीचं सगळं मी लिहिलंय. हे तिनं लिहिलंय.” आणि त्या ओळीपुढे त्यांनी सप्तमीची तारीख घातली.

तात्पर्य, पक्की आवृत्ती पौर्णिमेची होती ती आठ दिवस लांबली, दोन दोष निघाले, चावडीच्या चार प्रश्नांचे पाच जाहले, आणि वहीच्या नकला तीन ठिकाणी ठेविल्या. एकशे चव्वेचाळिसाव्या शब्दापुढे अर्थाची जागा मोकळी ठेविली आहे. लेक सांगेल तेव्हा भरावी. हे वर्तमान इतुकेच.