साहेबांच्या वाटणीचा पास्ता

ते इटालियन हॉटेल आपण शोधून काढलं, असं हेडक्लार्क ऑफिसात छाती फुगवून सांगे.

"शोध कसला? चपला घ्यायला निघालो आणि तुम्ही गल्ली चुकलात," बायको म्हणे.

"शोध असेच लागतात," हा तिला ऐकवी.

हॉटेल घरगुतीच होतं. आजी स्वयंपाकघरात, मुलगा वाढायला, सून गल्ल्यावर. पण शेवटी येणारा तो चॉकलेटचा गरम केक! चमचा लावायचा अवकाश, आतून दाट चॉकलेट ओघळायचं. पहिल्या घासाला हेडक्लार्क बायकोशी चाललेलं भांडण विसरला होता. केक मेनूकार्डात मात्र नव्हता. ज्याची प्लेट स्वच्छ, त्यालाच आजी तो फुकट पाठवत. बाकीच्यांनी पैसे पुढे केले तरी त्यांना मिळत नसे.

साहेबांची बढती झाली. त्यांच्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीसाठी शिफारस तेच करणार होते. मग हेडक्लार्क त्यांना त्या हॉटेलात घेऊन गेला, हे सांगायला नकोच.

साहेबांनी ऐटीत मोठा पास्ता मागवला, चार घास खाल्ले आणि प्लेट बाजूला सारली. "झालं. आता तो तुमचा केक आणवा."

मुलाने प्लेटकडे पाहिलं. "आई द्यायची नाही हो. आधी हे संपवा."

"मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"माझ्या सासऱ्यांनाही तिने असंच परत पाठवलंय," मुलगा नम्रपणे म्हणाला आणि पाण्याचा जग घेऊन निघून गेला.

साहेबांचा चेहरा उतरला. हेडक्लार्कने मनातल्या मनात हिशेब केला. आज साहेब नाराज होऊन उठले, तर खुर्ची हातची गेलीच.

"साहेब, जरा इकडे सरकवा."

साहेबांनी प्लेट सरकवली आणि मोबाईल काढला. त्यांच्या टेबलावरच्या फायली वर्षानुवर्षं अशाच याच्याकडे सरकत आल्या होत्या, त्यामुळे दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हेडक्लार्क खाली मान घालून गिळू लागला. कपाळाला घाम आला, पट्टा सैल करावा लागला.

"लवकर आटपा, कोणीतरी बघेल," साहेब मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले.

रिकामी प्लेट साहेबांपुढे परत गेली. हेडक्लार्कपुढे त्याचा स्वतःचा पास्ता अर्धामुर्धा गार पडला होता, पण आता पोटात शेवईभरही जागा उरली नव्हती.

केक घेऊन आजी स्वतः बाहेर आल्या. साहेबांची चकचकीत प्लेट पाहून त्यांनी साहेबांची पाठ थोपटली. "गुणी माणूस!" मग त्यांची नजर हेडक्लार्कच्या प्लेटवर गेली. "यांना नाही," त्या मुलाला म्हणाल्या.

साहेबांनी डोळे मिटून केक खाल्ला, बशीसुद्धा खरवडली. हेडक्लार्क आवंढे गिळत बघत राहिला. शेवटी त्याने धीर केला. "साहेब, ते खुर्चीचं..."

साहेबांनी ओठ पुसले आणि त्याच्या पुढ्यातला गार पास्ता गंभीरपणे न्याहाळला.

"मघापासून तोच विचार करतोय. मनात तुमचंच नाव होतं हो. पण स्वतःच्या पुढ्यातलं ज्याला संपवता येत नाही, त्याच्या गळ्यात अख्खा विभाग कसा घालायचा?"

मागे उभ्या असलेल्या आजींनीही मान डोलावली.