सात वळणांचा गॉगल

चष्म्याच्या दुकानात शिरताना मुद्रितशोधकांच्या हातात हेल्मेट होतं आणि चेहऱ्यावर, पेपर हातात पडायच्या आधीच पास झालेल्या माणसाचं हसू होतं. त्यांच्या मागून दुसरं हेल्मेट घेऊन त्यांची बायको आली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे घरात, गल्लीत आणि सायकलवाल्या मंडळींत तिला सगळे 'बाई'च म्हणत. खुद्द नवराही.

मागून येणं बाईंच्या अंगवळणी पडलं होतं. नवराबायकोकडे एक जोडसायकल होती. एकामागे एक दोन सीट, चार पायडल, आणि हँडल व ब्रेक मात्र फक्त पुढच्याकडे. गेली आठ वर्षं दर रविवारी सकाळी मुद्रितशोधक पुढे आणि बाई मागे, असा संसार त्या सायकलवरून डोंगर चढायचा आणि सात वळणांच्या उताराने खाली यायचा.

"नंबरचा गॉगल हवाय, सायकलसाठी," बाई म्हणाल्या. "बाजूने बंद असेल असा. गेल्या रविवारी ह्यांच्या डोळ्यात किडा गेला आणि आम्ही दोघं झुडपात गेलो."

"झुडपात नाही, झुडपाजवळ," मुद्रितशोधकांनी दुरुस्ती केली.

"घरी गेल्यावर माझ्या केसांतून अकरा पानं निघाली."

काउंटरमागे जुन्या चष्मेवाल्याची मुलगी होती. वडील थकले म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिने दुकान हातात घेतलं होतं. ती म्हणाली, "काका, आधी नंबर तपासू या."

"नंबर पाऊण. आठ वर्षं पाऊणच आहे," मुद्रितशोधक म्हणाले. त्या पाऊण नंबराचा त्यांना अभिमान होता. दिवसभर बारीक टायपात डोळे घालणारा माणूस आणि नंबर हलत नाही म्हणजे काय! छापखान्यात त्यांच्या टेबलावरून चुकलेला अनुस्वार जिवंत बाहेर पडत नसे.

ते खुर्चीत बसले, एक डोळा हाताने झाकला आणि खड्या आवाजात सगळ्यात खालची ओळ घडाघडा म्हणून मोकळे झाले.

चष्मेवालीने वळून रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

"काका," चष्मेवाली हळूच म्हणाली, "पडदा अजून लावायचाय."

आणि तिने बटण दाबलं. भिंतीवर उजेड पडला. मुद्रितशोधकांना त्यात एक मोठं अक्षर दिसलं आणि त्याच्याखाली मुंग्यांची बैठक.

झालं होतं ते असं. तिच्या वडिलांच्या काळात भिंतीवर छापील तक्ता असायचा. मुद्रितशोधक पहिल्यांदा आले तेव्हा वाट बघताना त्यांनी तो सवयीने अगदी जवळ जाऊन तपासला होता आणि शेवटच्या ओळीतलं एक अक्षर वेगळ्या टायपातलं आहे हे शोधून काढलं होतं. ते बदललं का, हे बघायला पुढे दर वर्षी ते तपासणीआधी तक्त्याशी नाक लावून यायचे. एकदा तपासलेला मजकूर त्यांच्या डोक्यातून जात नाही, हा त्यांच्या धंद्याचा गुण. खुर्चीत बसल्यावर आपण वाचत नाही आहोत, म्हणतो आहोत, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. म्हाताऱ्या चष्मेवाल्याला वाटायचं, काय नजर आहे! त्यांनाही तेच वाटायचं.

पाव तासाने चष्मेवालीने कागदावर आकडा लिहिला. "साडेतीन."

"साडेतीन काय?"

"नंबर. दोन्ही डोळ्यांचा. जवळचं तुम्हाला उत्तम दिसतं, पण लांबचं..." ती थांबली. "काका, तुम्ही रस्ता कसा ओलांडता?"

बाई स्टुलावर बसल्या. त्यांचे ओठ हलायला लागले, म्हणजे आकडेमोड चालू झाली.

"वर्षाला चाळीस रविवार धरले तर आठ वर्षांत तीनशे वीस वेळा. दर वेळी सात वळणं. दोन हजार दोनशे चाळीस, अहो! दोन हजार दोनशे चाळीस वळणं मी तुमच्या मागे बसून उतरले!"

"आणि प्रत्येक वळण बिनचूक घेतलं."

"तेच विचारतेय. कसं घेतलंत?"

मुद्रितशोधकांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "एक करडा पट्टा असतो. तो जिकडे जातो तिकडे आपण जायचं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग होता, पण निम्म्याहून जास्त अचंबाच होता. कारण सायकलवाल्यांत मुद्रितशोधकांचं जे काही नाव होतं ते त्या उतारामुळेच होतं. मंडळींचा सेक्रेटरी नव्या माणसांना सांगायचा, "उतरायचं कसं ते ह्यांच्याकडून शिका. ब्रेकला बोट लागत नाही. काळीज आहे की काय आहे!" छापखान्यात ज्याला कोणी चहाला बोलवत नसे, त्या माणसाची रविवारी सकाळी अशी आरती व्हायची. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस ते मनाने त्या पुढच्या सीटवरच काढत असत.

"ऐका," बाई म्हणाल्या. "गॉगल घ्या. ह्या रविवारी उतारावर तुम्हाला सगळं दिसतंय असं मला पटलं, तर ठीक. नाहीतर पुढची सीट माझी."

मुद्रितशोधकांनी हातातलं हेल्मेट छातीशी धरलं.

चष्मेवालीने तपासणीची जड गोल फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, तिच्या खाचांत साडेतीनच्या काचा सरकवल्या आणि त्यांना दुकानाच्या दारात उभं केलं. "बघा बाहेर."

मुद्रितशोधकांनी बघितलं आणि त्यांचा हात आपोआप बाईंच्या दंडाकडे गेला.

"अगं, त्या झाडाला पानं आहेत."

"झाडाला असतात."

"नाही गं, सुटी सुटी आहेत. प्रत्येक वेगळं. आणि हलतायत! प्रत्येक आपापलं हलतंय!" मग त्यांची नजर रस्त्यापलीकडे गेली आणि आवाज एकदम उतरला. "बाई, समोरचा तो शिंपी..."

"कोणता?"

"दारात उभा असतो तो. दर वर्षी मी त्याला हात करतो."

"अहो, तो कपडे घालून ठेवलेला पुतळा आहे."

मुद्रितशोधकांनी फ्रेम नाकावर नीट करून पुतळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, "मला तो जरा शिष्टच वाटायचा."

पुढचा दीड तास गॉगल निवडण्यात गेला. मुद्रितशोधकांना पहिल्या झटक्यात आवडली ती कानापर्यंत वळलेली, टोळाच्या डोळ्यांसारखी फ्रेम. चष्मेवालीने मान हलवली. "इतक्या वाकलेल्या काचेत साडेतीनचा नंबर बसवला तर कडेने जमीन तिरकी दिसेल."

"नको," बाई म्हणाल्या. "जमीन सरळ असतानाच आम्ही झुडपात जातो."

"झुडपाजवळ."

शेवटी कमी वाकलेली, बाजूला रबराची पट्टी असलेली फ्रेम पुढे आली. मग काच. चकाकी घालवणारी एक काच होती. तिच्यातून रस्ता मखमलीसारखा दिसायचा, पण ओल्या रस्त्याची चमकही दिसेनाशी व्हायची. बाईंनी ती बाद केली. "ओल कळलीच पाहिजे." उन्हात काळी आणि सावलीत पांढरी होणारी दुसरी एक होती.

"पांढरी व्हायला किती वेळ लागतो?" बाईंनी विचारलं.

"दोन-तीन मिनिटं."

"उपयोग नाही. तिसऱ्या वळणावर गार लागतं ते जेमतेम चार सेकंद. सावली संपून जाईल आणि हिची तयारीच चाललेली असेल."

राहिली गडद तपकिरी. खड्डे, खडी आणि भेगा उठून दिसतात, दगड लागला तरी फुटत नाही, वजन पिसासारखं. "पण सायकलवर बसल्यासारखं बसून बघा," चष्मेवाली म्हणाली. "वाकलं की माणूस काचेच्या वरच्या कडेतून बघतो."

मुद्रितशोधक हेल्मेट आणि फ्रेम घालून स्टुलावर बसले, पुढे वाकले आणि काउंटरची कड हँडलसारखी पकडली. बाई दुसरं स्टूल ओढून त्यांच्या मागे बसल्या, हेल्मेट चढवलं आणि वाकल्या. आठ वर्षांची सवय. दोघांचे पाय हवेत एका लयीत फिरायला लागले. वाचायचा चष्मा न्यायला आलेले एक आजोबा दारातच थबकले. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग चष्मेवालीला आदराने म्हणाले, "हल्ली तपासणी फारच कसून करता हो तुम्ही."

"मागे काय दिसतंय?" मुद्रितशोधकांनी वाकूनच विचारलं.

"तुमची पाठ. नेहमीचीच आहे."

तपकिरी काच पक्की झाली. चार दिवसांनी गॉगल आला.

रविवारी सकाळी चढ चढताना मुद्रितशोधकांचं जत्रेत सोडलेलं पोर झालं होतं. "अगं, तारेवर पक्षी बसलेत! मला त्या गाठी वाटायच्या. अगं, त्या टेकडीवर पायवाट आहे! अगं, सेक्रेटरीला टक्कल पडलंय!"

"हळू बोला. तो पुढेच आहे."

"आणि प्रत्येक दगडाला सावली आहे, बाई. प्रत्येक दगडाला स्वतःची!" बाईंनाही मागच्या मागे बरं वाटत होतं. पुढची सीट हातची जाणार हे त्यांना दिसत होतं, पण नवरा इतका खूश त्यांनी लग्नातही पाहिला नव्हता.

माथा आला. उताराची पाटी आली. इतर मंडळी एकेक करून खाली झेपावली. सेक्रेटरीने मागे वळून नव्या दोघातिघांना खूण केली, आता बघा म्हणून. मुद्रितशोधकांनी पायडलवर पाय रोवले, मान वर केली आणि खाली पाहिलं.

करडा पट्टा नव्हता. रस्ता होता. डोंगराच्या कडेला कोणीतरी चिकटवून ठेवल्यासारखा अरुंद रस्ता, त्याच्या कडेला गुडघ्याएवढे दगड, मधले काही दगड गायब, आणि जिथे दगड गायब होते तिथून पुढे काहीच नव्हतं. नुसती हवा. त्या हवेच्या तळाशी, फार खाली, काडेपेटीएवढी घरं आणि सुतासारखी एक चकाकती रेघ. रस्ता वळत होता, पुन्हा वळत होता, आणि प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा जास्त वळत होतं. मुद्रितशोधकांनी आयुष्यात इतकं भव्य काही बघितलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही हातांनी ब्रेक करकचून आवळले.

"काय झालं?" मागून बाईंचा आवाज.

"खोल आहे."

"काय खोल आहे?"

"सगळंच. बाई, आपण इथून उतरतो?"

"दर रविवारी."

"पण तू हे आठ वर्षं बघतेयस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

मुद्रितशोधकांनी मान वळवली. बाईंचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"बाई?"

"पाटी आली की मी मिटते," बाई म्हणाल्या. "पहिल्या रविवारपासून. मला उंचीची भीती वाटते. म्हटलं, एक जण बघतोय ना पुढे, मग दोघांनी कशाला बघायचं?"

दोघंही सायकलवरून उतरली. बाईंनी डोळे उघडले, आठ वर्षांत पहिल्यांदाच तो उतार पाहिला आणि नवऱ्याची बाही धरली. वारा वाहत होता. खाली सातही वळणं ऊन खात पडली होती.

"म्हणजे दोन हजार दोनशे चाळीस वळणं..." मुद्रितशोधक म्हणाले.

"कोणीच बघत नव्हतं," बाईंनी उत्तर काढलं.

देवळात उभं राहावं तशी दोघं काही वेळ उभी राहिली.

मग बाईंनी बाही सोडली. वर्गात चाळीस पोरं फळ्याकडे बघत गप्प बसली की त्या जसा खडू उचलायच्या, तसं त्यांनी हँडल धरलं. "सरका. ठरलं होतं ना? तुम्हाला दिसतंय, पण जमत नाही. मला भीती वाटते, पण ब्रेक कुठे आहे ते तरी मला कळतंय. मी हळूहळू नेते."

मुद्रितशोधकांनी पुढच्या सीटवरून एकदा हात फिरवला आणि मागे जाऊन बसले.

बाईंनी सायकल सोडली. बोटं ब्रेकवर, तोंडाने प्रत्येक वळण मोजत. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि तिसऱ्याला त्यांच्या आवाजातली थरथर जाऊन भलतंच काहीतरी आलं.

"अहो, नदी! खाली नदी आहे! बघताय ना?"

"बघतोय!"

"बगळे बघा, नदीवर! कसे एका रांगेत! किती असतील हो?"

"भरपूर!"

"मोजा की!"

"मोजायचे नसतात गं, बघायचे असतात!"

खाली सगळी मंडळी सायकली टेकून वाट बघत होती. जोडसायकल शेवटच्या वळणावरून आली तेव्हा पुढे बाई होत्या, लाल झालेल्या, हसणाऱ्या. आणि मागे मुद्रितशोधक. मान ताठ, जबडा घट्ट, तपकिरी काचा समोर रोखलेल्या, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. सेक्रेटरी पुढे झाला. "ब्रेक दुसऱ्याच्या हातात आणि असा निवांत! मागच्या सीटवर बसायला जास्त काळीज लागतं. बघून ठेवा रे."

नव्या पोरांनी डोळे विस्फारून बघून ठेवलं. मुद्रितशोधकांनी सायकल पूर्ण थांबल्याची, पाय जमिनीला लागल्याची आणि जमीन हलत नसल्याची खात्री करून घेतली. मगच काचांच्या आड डोळे उघडले.

चष्मेवालीने वजन सांगितलं होतं, रंग सांगितला होता, दगड लागला तर काय होईल तेही सांगितलं होतं. आतले डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बाहेरून कोणाच्या बापाला कळत नाही, हा एक गुण तेवढा सांगायचा राहिला होता.

"काय हो," बाई घाम पुसत म्हणाल्या. "पुढे ऊन फार लागतं डोळ्यांना. माझ्यासाठीही असाच एक घेऊ या का? ह्याच काचेचा?"

"नाही!" मुद्रितशोधक इतक्या जोरात ओरडले की तारेवरचे पक्षी उडाले. "तुला पांढरी काच! पाण्यासारखी! आरपार दिसणारी!"