मुकं मुसळ

आमच्या कुसगावात कुणाच्या दारावर टकटक झाली, की घरातले लोक लगेच दार उघडत नाहीत. थोडं थांबून ऐकतात. टकटक दोनदाच झाली, तर पाहुणा. पण तीच टकटक आधी चौकटीवर, मग कडीच्या वर, मग खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर झाली आणि शेवटी "हॅ, प्लायवूड!" असं ऐकू आलं, तर समजायचं की टकटकआबा आलेत. त्यांना आत यायचंच असेल असं नाही. कधीकधी ते नुसत्या दाराला भेटून परत जातात.

आबांचं खरं नाव शंकर. आडनाव मी अकरा वर्षांत कधी विचारलं नाही. वय सत्तरीच्या पलीकडे, अंगात बंडी, कानावर पेन्सिल, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर चांगला हरभऱ्याएवढा घट्टा. तो जगातलं लाकूड वाजवून वाजवून पडलेला. माझं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान आहे, आणि घर कुसगावात, आबांच्या वर्कशॉपला भिंत लागून. त्यामुळे हे सगळं मला फुकटात ऐकायला मिळतं.

बरं, लाकडावरच थांबतील तर ते आबा कसले! एकदा दुकानात आले, ट्रेमधल्या शेंगदाणा चिक्कीच्या वडीवर पेर आपटलं, कान खाली नेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "शेठ, पाक कच्चा ऱ्हायलाय." मी भडकलो. संध्याकाळपर्यंत तो सगळा ट्रे कागदाला चिकटून बसला. तेव्हापासून प्रत्येक ट्रे मी आधी गुपचूप वाजवून बघतो. मला काही कळत नाही, पण वाजवतो.

आबांच्या मते लाकडाच्या जाती दोनच. बोलणारं आणि मुकं. बाकी सागवान, आंबा, फणस हे सगळं नंतर. कुणीही तावडीत सापडला की त्याला डोळे मिटायला लावायचे, एखादा तुकडा वाजवायचा आणि विचारायचं, "कान द्या. वळका बरं, कंचं?"

मी दरवेळी "सागवान" म्हणतो. मला तेवढं एकच नाव येतं.

"चूक!" आबा म्हणतात. हा त्यांचा सर्वांत आवडता शब्द. पोस्टमन चुकला, डॉक्टर चुकले, बंगल्यावर येणारे आर्किटेक्ट चुकले. मी एकदा वैतागून "जांभूळ" म्हणालो, तर त्या दिवशी त्यांनी नेमकं सागवान वाजवलेलं. "चूक!" आबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

तर अशा माणसाचा धंदा कोणता असावा? इलेक्ट्रिक गिटारच्या दांड्या बनवणं. आबा मूळचे सुतार. इथल्या बंगल्यांची दारं-खिडक्या करायचे. कुणा बंगलेवाल्याच्या मुलाची गिटार मोडली, ती आबांनी अशी जोडली की सांधा दिसेना. तो मुलगा पुढे आणखी चार मोडक्या गिटारी घेऊन आला, आणि होता होता मुंबईचा एक व्यापारी आला, जो गिटारी बनवून परदेशी पाठवतो. दांड्या आबांच्या, बाकी सगळं त्याचं. स्वतः आबांना गिटार वाजवता येत नाही. गाणं कुठलं आवडतं विचारलं, तर म्हणतात, "गानं वाजवनाऱ्याचं. आपलं काम फळीचं."

पुण्याचा एक केसाळ तरुण त्यांना एकदा समजावून सांगत होता, की आबा, ही करंटवाली गिटार, हिचा आवाज तारांतून, वायरमधून, स्पीकरमधून येतो, लाकडानं असा काय फरक पडतो? आबांनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मानसाचा आवाज बी घशातनंच येतो. चार दिस उपाशी ऱ्हा, आन् मंग गाऊन दाखीव." पोरगा निमूटपणे पैसे देऊन गेला.

गिटारच्या दांडीवर एक पातळ पट्टी बसवलेली असते, जिच्यावर वाजवणाऱ्याची बोटं फिरतात. लोक तिला फ्रेटबोर्ड म्हणतात, आबा बोटपट्टी. ही बोटपट्टी वर्षानुवर्षं शिसवीची. काळसर, गुळगुळीत, दणकट. पण शिसव जगभर इतकी तोडली गेली, की आता ती देशाबाहेर पाठवायची तर दाखले लागतात. झाड कुठलं, कुणी तोडलं, कशाला तोडलं, सगळं कागदावर. व्यापाऱ्यानं फोन करून सांगितलं, "आबा, शिसव बंद. गिऱ्हाईक कागदांना कंटाळलंय. दुसरं लाकूड शोधा, सहा पट्ट्या नमुन्याला पाठवा. पसंत पडल्या तर काम चालू, नाहीतर दांड्या मी मशीनवर करून घेतो."

आबा थेट माझ्याकडे आले. दारसुद्धा वाजवलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "शेठ, मी जल्मात इमानात बसलो न्हाई. माज्याकडं पासपोर्ट न्हाई. आन् माज्या फळीला पासपोर्ट पायजे म्हनत्यात!"

मी म्हटलं, "जाऊ द्या आबा, वय झालं. आता आराम करा."

"आराम करून काय करू? घरात हाय कोन बोलायला?" असं म्हणून ते गेले. मला तेव्हा ते नेहमीचं चिडणं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. चिंचेची पट्टी केली. पहिले आठ दिवस ती झकास बोलली, मग लोणावळ्याची हवा लागून अशी वाकली की आबांनी ती माझ्या बायकोला भात वाढायला दिली. बाभळीला बारीक चिरा गेल्या. जांभूळ "तोंडातल्या तोंडात बोलतंय" म्हणून बाद झालं. खैर बोलायचा, खणखणीत बोलायचा, पण खैर तोडायचा तर पुन्हा परवानगी, पुन्हा कागद. आबा चार दिवस बोलेनासे झाले.

पाचव्या दिवशी ते आमच्या मागच्या पडवीत पाणी प्यायला आले आणि प्यायचं सोडून कोपऱ्यात बघत राहिले. तिथं आमची दोन जुनी मुसळं उभी होती. आमच्या मावळात भात गिरणीत कांडायला लागल्याला जमाना झाला, पण मुसळं कुणी टाकून देत नाही. ती बिचारी पडवीत, माळ्यावर, गोठ्यात उभ्यानं म्हातारी होतात. आबांनी एकावर पेर आपटलं, कान लावला आणि ग्लास तसाच ठेवून पळत सुटले.

जुनं मुसळ म्हणजे खैर. पन्नास वर्षं वाळलेला, चुलीच्या धुरानं पक्का झालेला, लोणावळ्याच्या हवेला पुरून उरलेला. आणि नवीन झाड तोडायचं कामच नाही! आबा गावोगाव हिंडायला लागले. कुसगावपासून थेट सोमाटण्यापर्यंत. घरात शिरायचं, मुसळ वाजवायचं, मुकं असलं तर तसंच परत, बोलणारं असलं तर त्याच्या बदल्यात नवाकोरा पोळपाट द्यायचा. म्हाताऱ्या बाया विचारायच्या, "भाऊ, मुसळाचं काय करनार?" आबा सांगायचे, "परदेशी पाठवनार." त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, पण पोळपाट चांगला होता.

पाच पट्ट्या झाल्या. बहुतेक मुसळांना आतून चीर, त्यामुळे एकातून जेमतेम एकच निघायची. सहावी काही मिळेना. व्यापाऱ्याचा माणूस दुसऱ्या दिवशी नमुने न्यायला येणार होता. मी वर्कशॉपमध्ये गेलो, तर आबा डोकं धरून बसलेले. आणि त्यांच्या पाठीमागे, कोपऱ्यात, एक देखणं मुसळ उभं. तेल पाजून पाजून काळंभोर झालेलं, मधे हात धरायच्या जागी झिजून बारीक झालेलं.

"आबा, हे काय आहे मग?"

त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "ते मुकं हाय."

"वाजवून तर बघा."

"सांगतो न्हवं, मुकं हाय म्हनून!"

लाकडाच्या बाबतीत आबांशी वाद घालणार कोण! शेजाऱ्याकडं मागायची आबांना लाज, म्हणून मीच घरी आलो, पडवीतलं त्यांनी वाजवलेलं मुसळ उचललं आणि त्यांना नेऊन दिलं. म्हटलं, दोन आहेत, एक गेलं तर कुणाला कळतंय. सहा पट्ट्या पूर्ण झाल्या, मुंबईला गेल्या, आणि आठवड्याभरात फोन आला, की पसंत, पुढचं काम चालू. आबांनी मला आनंदानं चार वेळा लाकडं ओळखायला लावली. चारही वेळा चूक.

माझी खरी चूक मात्र पुढं निघाली. आमच्या ऋतुजाचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी घाणा भरतात. दोन मुसळं एकत्र बांधायची, त्यांना हळकुंड, सुपारी, आंब्याची पानं लावायची, आणि सुवासिनींनी गाणी म्हणत उखळात हळद कांडायची. दोन मुसळं. हा आकडा मी साफ विसरलो होतो. घाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी पडवीतून बायकोचा आवाज आला, "अहो, दुसरं मुसळ कुठंय?"

मी सांगितलं. खरं म्हणजे सांगायला नको होतं.

"मुसळ गिटारला दिलंत?" ती म्हणाली. "मुलीच्या घाण्याचं मुसळ? सासूबाईंनी माझा घाणा त्याच मुसळांवर भरला होता, ठाऊक आहे ना?" मग ती एकदम रडायला लागली, आणि मला माझ्याच घरात उभं राहायला जागा उरली नाही. शेजारून आणावं, तर पुढच्या कामासाठी आबांनी आसपासची मुसळं आधीच उचललेली. घरोघरी नवे पोळपाट. बाजारात सोनेरी कागद लावलेली वीतभर लांबीची मुसळं मिळतात, त्यांचं नावही काढायची माझी छाती नव्हती.

भिंतीपलीकडून आबांनी सगळं ऐकलं. आले, हातात गिटारची एक तयार दांडी. "वयनी, त्याच मुसळाची दुसरी पट्टी हिला लागलीय. लाकूड त्येच हाय. ही बांधली तर चालंल का?"

बायकोनं त्यांच्याकडे असं बघितलं, की आबा दांडी पाठीमागे लपवत उलट्या पावली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक झाली. दोनदाच. दारात आबा, धुतलेल्या बंडीत, आणि खांद्यावर ते कोपऱ्यातलं काळंभोर मुसळ. "घ्या," म्हणाले. "काम झाल्यावर तेवढं परत द्या."

घाणा सुरू झाला. आबा बायकांच्या घोळक्यापासून लांब, फाटकाशी उभे राहिले. आमचं एक आणि त्यांचं एक, अशी दोन मुसळं सुतानं बांधून उखळात पडली, आणि मी चमकलो. लाकडातलं मला काही कळत नाही, हे मी आधीच सांगितलंय. पण देवळातली घंटा आणि भांड्यावरचं झाकण एवढा फरक मलाही कळतो. आमचं मुसळ नुसतं आपटत होतं. आबांचं मुसळ गात होतं.

मी फाटकाशी गेलो. "आबा, हे मुकं?"

 "नंदाच्या आईचं हाय," ते म्हणाले. "मरताना म्हनाली, पोरीच्या घान्याला ठेवा. म्हनून ठेवलं. कसं कापू?"

नंदा त्यांची एकुलती एक मुलगी. बेंगळुरूला कंपनीत आहे. तीन वर्षांपूर्वी तिनं तिकडंच नोंदणी करून लग्न केलं आणि नंतर कळवलं. आबा फोनवर "बरं" म्हणाले होते. त्यानंतर तिचे फोन यायचे, वाजून वाजून बंद पडायचे. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे हेही मला फुकटात ऐकायला मिळालं होतं, आणि मी कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

आबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. "शेठ, तिला लावून द्या. मला दिसत न्हाई नीट."

व्यापाऱ्याला ते डोळे मिटून फोन लावतात. मी नंबर लावला, स्पीकर चालू केला.

"आबा?" पलीकडून घाबरलेला आवाज आला. "काय झालं? बरे आहात ना?"

आबांनी फोन हातात घेतला. कशी आहेस नाही, काही नाही. "कान दे, नंदे," म्हणाले. "वळख, कंचं?" आणि हात लांब करून फोन उखळाच्या दिशेनं धरला.

बायका गात होत्या, मुसळं पडत होती. माझी बायको कांडता कांडता आमच्याकडे बघत होती. आबांनी हात खाली घेतला नाही.  मला वाटलं, फोन कट झाला.

"खैर," नंदा म्हणाली.  मग म्हणाली, "आईचं मुसळ ना, आबा?"

आबांनी फोन तोंडाजवळ आणला. 

"बरोबर," ते म्हणाले.

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.