शुभानरावांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ

एका जंगलात, मुलांनो, मोबाइलला रेंज चांगली होती. बाकी सगळ्याची बोंब होती. तिथल्या तळ्यावर शुभानराव नावाचा बगळा राहायचा. (इथे तळ्याचं वर्णन होतं. तुम्ही जांभया द्यायला लागलात, म्हणून कापलं.)

शुभानरावांचं लग्न जमत नव्हतं. आत्या म्हणाली, "हल्ली नुसत्या फोटोवर भागत नाही रे. मासे पकडतानाचा व्हिडिओ पाठव."

दामू उंदराने सकाळभर शूटिंग केलं. त्यात शुभानराव एका पायावर उभे होते. मग एक मासा. मग पुन्हा उभे.

"शुभानराव, यात मासे कमी आणि तुमचा पायच जास्त दिसतोय."

"मग काप ना. तुला का ते शिकवायला हवं?"

कापणं दामूच्या घराण्यातच होतं. जोडणं तेवढं तो मोबाइलवर बघून शिकला होता. त्याने क्लिपचे तुकडे केले, उभं राहण्याचे सगळे तुकडे उडवले आणि माशाला मासा जोडला. अख्खी सकाळ अर्ध्या मिनिटात बसली.

शुभानरावांनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. "मी एवढा चपळ आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?"

व्हिडिओ पाहून पलीकडच्या तळ्यावरची तगर नावाची बगळी वडिलांना घेऊन आली. शुभानरावांना ती बघताक्षणी आवडली. त्यांनी घाईघाईने पाण्यात चोच मारली. चिखल आला. पुन्हा मारली. शेवाळ आलं.

"राहू द्या हो," तगर म्हणाली. "मला एकच विचारायचंय. व्हिडिओत दोन माशांच्या मधलं काहीच दिसलं नाही. तुम्हाला शांत उभं राहता येतं ना? आमच्याकडे सगळे सदा घाईत. मला सोबत उभं राहणारं कुणीतरी हवंय."

शुभानरावांना जगात तेवढं एकच नीट येत होतं. पण एवढ्या चपळ बगळ्याने ते कबूल कसं करायचं?

"उभं? छे. ती आळशांची कामं."

"बरं," तगर म्हणाली, आणि वडिलांना घेऊन उडून गेली.

हल्ली शुभानराव तळ्यात आपलाच व्हिडिओ बघत असतात. एका पायात मोबाइल, दुसऱ्या पायावर स्वतः, दिवसभर, जराही न हलता. मासे त्यांच्या पायाला घासून जातात.

तात्पर्य : मूळ गोष्ट बरीच लांब होती. रटाळ वाटला तो भाग मी कापला आणि उरलेलं जोडलं. तात्पर्य बहुधा कापलेल्या भागात होतं.