दोघांचा एक वैरी

अकोल्याच्या जुन्या शहरात सगळ्यांत जास्त शिव्या कोण खातो, असं कुणी विचारलं असतं तर आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही उकंडामामाच्या घराकडे बोट दाखवलं असतं. माणूस वाईट म्हणावा, तर तसंही नाही. मोर्णा नदीच्या काठी त्याचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू पिकवायचा आणि डोक्यावर टोपली घेऊन पार जठारपेठेपर्यंत विकत जायचा. शिव्या मात्र तो मागून घ्यायचा.

वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. पुण्याहून नोकरीला आलेला माणूस आपण परमुलखात आलो असं समजायचा. मीही तसाच आलो, सरकारी शाळेत मास्तर म्हणून. नवं लग्न झालेलं. कशावरून तरी माझं आणि सौभाग्यवतींचं बिनसलं आणि घरात अबोला सुरू झाला. अशात एके दिवशी दारात टोपली उतरली. ओळख ना पाळख, उकंडामामा सरळ ओसरीवर बसला आणि म्हणाला, "वयनी, पुन्याचे लोक वरनात गूळ टाकते म्हंते. जेवन करता का दवाई करता?" मग माझ्याकडे वळून, "अन् मास्तर, तुमी पोरायले शिकोता तं आवाज गल्लीच्या कोपऱ्यालेबी येत नाई. पोरं झोपून राहात असतीन."

तो गेला आणि आम्ही दोघांनी त्याचा असा काही उद्धार केला की विचारू नका. "काय तो उद्धटपणा!" ही म्हणाली. "अगदी रानटी," मी म्हणालो. भाजी निवडून होईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. मग हीच एकदम थांबली आणि हसायला लागली. आम्ही बोलत होतो.

पुढे कळलं की हा मामाचा नेहमीचा उद्योग. कुठं दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की तो मध्ये जाऊन दोघांचीही खोडी काढायचा. अत्तरवाले रहीमचाचा आणि किराणावाले जेठाभाई यांचं गटाराच्या पाण्यावरून वाजलं होतं. मामानं भल्या सकाळी कोबीचा सडका पाला दोघांच्याही पायऱ्यांवर टाकला. संध्याकाळी चाचा आणि जेठाभाई एकाच बाकावर बसून मामाच्या सात पिढ्यांचा हिशेब करत होते, आणि चहा जेठाभाईंनी मागवला होता.

"याचं शास्त्र असते, मास्तर," तो मला सांगायचा. "पुन्याच्या मानसाले त्याच्या जेवनावरून टोचा. वऱ्हाडी मानसाले टोचाचं असन तं त्याच्या पाहुनचाराले नावं ठेवा. दवा अलग अलग हाये, पन बिमारी एकच. दोघायले एक वैरी लागते. तो भेटला का दोघं एक होते."

"पण तुमच्याशी कोण बोलतं मग?"

"शिव्या देते ना लोकं. शिव्या देनारा मानूस बोलतेच. न बोलनाऱ्याचं भेव वाटते मले."

हे भेव उगाच नव्हतं. मामाची बायको पोरं लहान असताना गेली. नामदेव आणि किसन या दोघांना त्यानं एकट्यानं वाढवलं, त्यांची लग्नं केली. आणि सगळ्या गावाचा अबोला मोडणाऱ्या या माणसाच्या घरातच अबोला शिरला. कारण काय, तर विहिरीवर मोट कुणी आधी धरायची. बोलता बोलता चुली वेगळ्या झाल्या. मळ्याच्या मधोमध काट्याचं कुंपण घालायची भाषा सुरू झाली. मामाची झोप उडाली. दोन्ही पोरांना त्यानं हरतऱ्हेनं टोचून पाहिलं, पण बापाच्या टोचण्याची त्यांना सवय झालेली. उपयोग शून्य.

मग एके दिवशी मामानं पारावर जाहीर केलं, "मी पाट लावून राहिलो. राजापेठेतली बाई हाये, अमरावतीची. मळाबी तिच्याच नावानं करतो."

साठी उलटलेला म्हातारा आणि दुसरं लग्न! साऱ्या गल्लीला महिनाभराची करमणूक झाली. नामदेव आणि किसन मात्र एका गाडीत बसून अमरावतीला गेले. राजापेठेत घरोघर चौकशी केली. बाई असेल तर सापडेल! ती सापडली नाही तेव्हा 'बुढ्यानं लपवून ठेवली' असं दोघांचं एकमत झालं. परत आल्यावर मळा हातचा जाऊ नये म्हणून चुली एक झाल्या, कुंपणासाठी तोडून ठेवलेले काटे बंबात गेले, आणि मामाची रवानगी मळ्यातल्या खोपीत झाली. सुना भाकर पाठवायच्या. बोलायचं मात्र कुणी नाही. नातवंडांना तिकडे फिरकायची बंदी.

वर्ष झालं तरी तेच. मला राहवेना. एका रविवारी मळ्यात गेलो. मामा वांगी तोडत होता. बराच वाळला होता.

"मामा, आता खरं सांगून टाका. हवं तर मी सांगतो पोरांना."

"नोका सांगू, मास्तर. सांगतलं तं त्यायचा राग जाईन. राग गेला का पुन्हा मोटीची पाळी आठोन. मी मेल्यावर सांगजा. तोवर दोघायले एकमेकाची सवय होऊन जाईन."

"आणि तुमचं काय?"

त्यानं विहिरीकडे कान दिला. विहिरीवर किसन मोट हाकत होता, वाफ्यात नामदेव पाणी वळवत होता. "दादा, पानी आलं का?" "आलं. येऊ दे अजून." मामाचा हात वांग्यावरच थांबून राहिला होता.

विहिरीकडे गेलो, तसं दोघा भावांनी मला धरलं. बापानं कसं तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, ते सांगत बसले. खरं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. निरोप घ्यायला खोपीपाशी आलो तर मामा दारातच उभा होता.

"काय म्हनत होते?"

मला खोटं बोलता येईना. "शिव्या देत होते, मामा."

"दोघंबी?"

"दोघंही. एक दम घ्यायला थांबला की दुसरा तिथूनच पुढं सुरू करायचा."

मामा हसला. "लहानपनी भाकर असेच खात," तो म्हणाला. "अर्धी एकाची झाली का उरलेली दुसऱ्याची." मग वांग्यांच्या टोपलीपाशी बसून त्यानं डोक्याचं फडकं सोडलं आणि तोंड झाकून घेतलं. मलाही तिथून पाय उचलवेना. तसाच त्याच्याजवळ खाली बसलो आणि वांगी निवडत राहिलो.