गायधनी काकांचा जपानी विरोधी पक्ष

जपानात विरोधी पक्ष हरला की नाशिकला आमच्या सोसायटीत गायधनी काका आठवडाभर दाढी करत नाहीत. आणि तिथे विरोधी पक्ष हरण्यापलीकडे फारसं काही करत नसल्यामुळे काकांचा चेहरा मला क्वचितच नीटसा पाहायला मिळतो.

सिन्नरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस. स्वतःच्या प्रभागाचा नगरसेवक कोण, ते त्यांना सांगता यायचं नाही. पण टोकियोतल्या कुठल्या मतदारसंघात विरोधकांचे दोन उमेदवार एकमेकांची मतं खातायत, हे तोंडपाठ. "एकास एक लढत द्या हो!" असं ते मला लिफ्टमध्ये कळवळून सांगतात, जणू तिथलं जागावाटप माझ्याच हातात आहे.

मध्यंतरी सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं. काका गुळगुळीत दाढी करून, चिवड्याचा पुडा घेऊन दारात हजर! पण विरोधकांचं आपसात जमेना आणि पंतप्रधान पुन्हा जुन्याच पक्षाचा झाला. "आपलीच माणसं नालायक," म्हणत काका मटकन खाली बसले. चिवडा मी एकट्यानेच संपवला.

"आपली?" मी वैतागून विचारलं. "काका, तुमचा काय संबंध?"

तेव्हा कळलं. मुलगी मंजिरी नोकरीसाठी नागोयाला. काकू गेल्यावर रविवारच्या फोनवर 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का' संपलं की बापलेकीला बोलायला काही उरेना. एकदा काकांनी सहज विचारलं, तुमच्याकडे निवडणूक आहे म्हणे? मंजिरीने गल्लीतली पोस्टरं वाचून दाखवली. फोन तासभर चालला. तेव्हापासून काका विरोधी पक्षात.

"सत्ताधाऱ्यांबद्दल काय बोलणार? निवडून येतात, संपलं. हरणाऱ्यांवर पुष्कळ बोलता येतं."

गेल्या महिन्यात मंजिरीने जपानचं नागरिकत्व घेतलं. "बाबा, आता मलाही मत आहे." काकांनी घाईघाईने तिला उमेदवार समजावले. ती म्हणाली, "मतदान रविवारी असतं बाबा. एवढी एकच सुट्टी मिळते. बघू."

परवा मतदार यादी तपासायला शाळेच्या बाई आल्या. मीही तिथेच होतो. बाई दरवेळी मंजिरीच्या नावाशी थांबतात आणि दरवेळी काका म्हणतात, "राहू द्या, येणारे ती." या खेपेला त्यांनी आपणहून सांगितलं, "हे नाव कमी करायचंय."

बाईंचा चेहरा उतरला. "अरेरे. कधी झालं हो?"

"नाही, नाही!" काका केवढ्यानं ओरडले. "छान आहे ती! तिकडची मतदार झालीये."

अर्जावर सही करून काकांनी त्यातलं मंजिरीचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मला बघवेना.

"म्हणजे आता या घरात मतदार...?" बाईंनी विचारलं.

"मी," काका म्हणाले आणि बाईंसाठी चहा टाकायला आत गेले. बराच वेळ झाला तरी आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला नाही.